भाऊ, घराला नॉमिनी नसतो

एका वाचकाचं पत्र असं आहे. नाव-गाव गाळलंय, थोडं आवरलंय, आकडे जसेच्या तसे.

"सर, मी दारव्हा तालुक्यातला. वय ४१. विनाअनुदानित शाळेत क्लार्क आहे, हातात २६ हजार पडतात. चार एकर कोरडवाहू वावर आबांच्या नावावर आहे. घरात आबा, बायको, दोन मुलं. २०२१ मध्ये जुनं कवेलूचं घर पाडून नवीन बांधलं. बँकेचं ९ लाख कर्ज आहे, महिन्याचा हप्ता ८ हजार. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागच्या तीन खोल्यांवर सिमेंटचे पत्रे, कोठ्यावर टिनं.

होळीनंतरच्या आठवड्यात गारपीट झाली. पंधरा मिनिटं लिंबाएवढ्या गारा. २८ पैकी २६ पत्रे फुटले. दोन वर्षांमागं बसवलेल्या सोलरच्या दोन प्लेटा, टाकी, खिडक्यांच्या काचा गेल्या. टीव्ही, इन्व्हर्टर, गाद्या भिजल्या. मागच्या खोलीत तुरीचे पोते होते, ९ क्विंटल, तेही भिजले. यादी केली ती अशी: पत्रे मजुरीसकट ४० हजार, कोठा १५, सोलर ३०, टाकी ७, काचा ८, टीव्ही-गाद्या वगैरे ४५, तूर ६३. एकूण २ लाख ८ हजार.

घराचा विमा आहे. कर्ज पास करताना बँकेतल्या साहेबांनीच काढून दिला. त्याशिवाय फाईल पुढं जात नाही म्हणाले. वर्षाला ६० हजार, १५ वर्षं भरायचे. ६ लाखांचं कव्हर आहे, मुदत संपल्यावर १४ लाख मिळतील असं त्यांनी पेनानं लिहून दिलंय. नॉमिनी बायको आहे. पाच हप्ते झाले, सहावा या एप्रिलच्या शेवटी आहे. शाखेत विचारलं तर नवीन साहेब म्हणतात, फॉर्म भरा, वर पाठवतो, दोन-तीन महिने लागतात. तलाठी पंचनामा करून गेले. गावात म्हणतात ५० हजार तरी येतील.

माझा विचार असा, की आता एकदाच तिन्ही खोल्यांवर स्लॅब टाकून घ्यावा. मिस्त्री ६ लाख सांगतो. बायकोच्या सोन्यावर ४ लाख काढतो, २ लाख विम्याचे येतील, सरकारचे आले की सोनं थोडं सोडवू. सोनेतारण बँकेतून घ्यावं की पतसंस्थेतून? स्लॅब पावसाआधी टाकावा की दिवाळीनंतर? सध्या वर ताडपत्री आहे, फुटके पत्रे उचलून नाल्याकाठी टाकले. आणखी एक. २०२१ च्या दिवाळीत कर्जाचा शेवटचा टप्पा मिळाला तेव्हा खात्यातून एकदाच ६,३०० रुपये कापले होते. कशाचे ते कोणी सांगितलं नाही. ते परत मागता येतील का?"

भाऊ, सोनेतारण आणि स्लॅब यांचं उत्तर शेवटी देतो, चार-पाच ओळींचं आहे. आधी तुमच्या नॉमिनीचं बघू.

घराला नॉमिनी नसतो. घराच्या विम्याची मुदत संपली की संपली, शेवटी १४ लाख काय, १४ रुपयेही हातात येत नाहीत. तुम्ही पाच वर्षं ज्याला घराचा विमा म्हणताय तो तुमच्या जिवाचा विमा आहे, बचत जोडलेला. उद्या पत्रे काय, अख्खं घर जमीनदोस्त झालं तरी ती कंपनी एक रुपया देणार नाही, आणि त्यात तिची काही चूकही नसेल. पॉलिसीचं पहिलं पान काढा. त्यावर तुमची जन्मतारीख असेल. घराचे चौरस फूट, नमुना ८ चा (ग्रामपंचायतीतल्या घराच्या उताऱ्याचा) क्रमांक, भिंती विटांच्या की मातीच्या, यातलं काही सापडतंय का बघा. सापडणार नाही.

नवीन साहेबांनी 'फॉर्म भरा, वर पाठवतो' म्हटलं, याचा मला जुन्या साहेबांपेक्षा जास्त राग आला. जुन्यांनी निदान टार्गेटसाठी गळ्यात मारली. यांनी पॉलिसी उघडूनही न बघता तुम्हाला तीन महिने ताडपत्रीखाली बसवायची सोय केली. तो फॉर्म परत येईल तेव्हा मृग लागून गेलेलं असेल.

आणि 'त्याशिवाय फाईल पुढं जात नाही' हे धादांत खोटं. ज्या घरावर कर्ज दिलं त्या घराचा विमा बँकेनं मागणं रास्त आहे. पण तुमच्या पगाराच्या पाचव्या हिश्शाची बचतीची पॉलिसी कर्जासाठी सक्तीची करता येत नाही. मला येणाऱ्या गृहकर्जाच्या पत्रांत ही गोष्ट इतक्या वेळा असते की आता शाखा बदलते, जिल्हा बदलतो, वाक्य बदलत नाही.

आता ते ६,३०० रुपये. परत मागायचा विचारही करू नका. तुमच्या सगळ्या पत्रात कामाची गोष्ट तीच आहे, आणि तुम्ही ती जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिली.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एकसारखी पॉलिसी ठेवायला लावली. नाव 'भारत गृह रक्षा'. ती एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते, आणि कर्ज देणाऱ्या बँका बहुतेक वेळा लांब मुदतीची काढून हप्ता एकरकमी कापून घेतात. तुमचं कर्ज ९ लाखांचं. एवढ्या रकमेच्या घराला एका वर्षासाठी ६,३०० कोणी लावत नाही. दहा वर्षांनी भागले तर वर्षाला ६३० होतात, तो आकडा बरोबर बसतो. म्हणून माझा अंदाज असा, की तुमच्या घराचा खराखुरा विमा २०२१ च्या दिवाळीत निघाला, तो २०३१ पर्यंत चालू आहे, आणि त्याचा कागद बँकेच्या फायलीत धूळ खात पडलाय. अंदाज चुकू शकतो. पण तो तपासायला एक पासबुक आणि एक अर्ज पुरतो.

उद्याच शाखेत जा. पासबुकावर त्या कापलेल्या रकमेची नोंद दाखवा आणि लेखी अर्ज द्या: ही रक्कम कोणत्या विमा कंपनीला गेली, पॉलिसी क्रमांक काय, प्रत द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी विचारू नका. तोंडी विचारलेल्याचं काय होतं ते तुम्ही आत्ताच पाहिलं.

पॉलिसी क्रमांक हाती आला की त्याच दिवशी विमा कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर दावा नोंदवा, दाव्याचा क्रमांक लिहून घ्या, मग ईमेलही करा. बँक कळवेल या भरवशावर राहू नका. गारपिटीला आता पाच आठवडे झाले. या पॉलिसीत दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे उशीर झालाच आहे. तो लपवू नका. सरळ लिहा, की पॉलिसीची प्रत मला कधीच मिळाली नाही, अमुक तारखेला बँकेकडून क्रमांक कळला, त्याच दिवशी कळवतोय. शिक्का मारलेला अर्ज इथं कामाला येतो. नुसता उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असं नियामकानं २०११ मध्येच परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलंय. तरी पहिलं पत्र बहुधा 'उशिरा कळवल्यामुळे' असंच येईल. घाबरू नका, त्या परिपत्रकाचा हवाला देऊन उत्तर द्या.

पुराव्याचं मात्र तुम्ही अवघड करून ठेवलंय. नुकसान मोजायला कंपनीचा सर्वेयर येतो तेव्हा त्याला फुटकी वस्तू बघायची असते आणि तुम्ही पत्रे नाल्याकाठी नेऊन टाकले. अजून तिथं असतील तर फोटो काढा, तुकडे मोजता येतील असे. त्यांना हात लावताना, विशेषतः जुने असतील तर, तोंडाला फडकं बांधा आणि आणखी फोडू नका. सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ फुप्फुसाला वाईट. उरलेल्या दोन पत्र्यांवर ताडपत्री बांधायला चढू तर अजिबात नका. तडा गेलेला पत्रा वरून धड दिसतो आणि पायाखाली जातो. सोलरच्या प्लेटा, टाकी, टीव्ही ठेवलेत ना? सर्वेयर पाहून जाईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका.

घरात पोरं आहेत, म्हणजे गारा पडताना कोणीतरी मोबाईल काढला असणारच. स्टेटसला टाकलेला तो व्हिडिओ शोधा. त्यावर तारीख आणि वेळ असते, आणि मागं तुमचं अंगण दिसतं. गारपीट मोठी लहरी. एका धुऱ्यावर पडते, दुसऱ्यावर नाही. म्हणून 'तालुक्यात गारपीट झाली' या बातमीच्या कात्रणापेक्षा तुमच्या अंगणातला व्हिडिओ आणि तुमच्या घराचा पंचनामा वजनदार. तलाठ्यांकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, तोंडात मात्र तलाठीच येतं) पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

तुमची यादी आता या पॉलिसीच्या चाळणीतून काढू. पत्रे ४०, टाकी ७, काचा ८, हे बांधकामात बसतं: ५५ हजार. पत्र्याचं छत म्हणजे कच्चं घर नव्हे. कच्चं म्हणजे गवत, बांबू, ताडपत्री असलं. टीव्ही, इन्व्हर्टर, गाद्या घरसामानात. बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के घरसामान या पॉलिसीत आपोआप धरतात. ९ लाखांवर ते १ लाख ८० हजार होतं, तुमचे ४५ त्यात आरामात मावतात. झाले एक लाख. सोलर, पाण्याची टाकी, इतकंच काय गोबरगॅसचं बांधकामही या पॉलिसीत घराचाच भाग मानलंय. पण तुम्ही सोलर नंतर बसवलं आणि कंपनीला कळवलं नाही, तिथं हुज्जत होईल. ३० हजार मागा जरूर, धरून चालू नका. प्लेटांची वॉरंटी गारपिटीला लागू होत नाही, त्यामुळं सोलरवाल्याकडं खेटे घालू नका. कोठ्याचंही तसंच. जनावरांचा कोठा राहण्याच्या घरात मोडतो का यावर सर्वेयर नाक मुरडेल.

तूर पूर्ण सोडा. विक्रीसाठी ठेवलेला माल घरसामान नसतो. पीकविमा तर पिकाच्या मागं घरात येतच नाही. आणि ९ क्विंटल भिजली म्हणजे ६३ हजार गेले असंही नाही. वाळवून, चाळून जे विकलं जाईल ते वजा करा. पाच आठवड्यांत विकली असेल तर खरा तोटा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मग यादीत पूर्ण ६३ कसे?

म्हणजे कागद सापडला, चालू निघाला, उशीर माफ झाला, तर लाख-सव्वालाख. तेही तुमच्या हाती थेट येतील असं नाही. कर्ज असलेल्या घराच्या पॉलिसीत बँकेचं नाव असतं आणि दाव्याची रक्कम आधी बँकेकडं जाऊ शकते. म्हणून त्याच अर्जात एक ओळ घाला: रक्कम दुरुस्तीसाठी खात्यात द्यावी, कर्जात वळती करू नये. आणि विमा कोणाच्या नावावर आहे ते बघा. नमुना ८ वर आबांचं नाव असेल आणि पॉलिसीत फक्त तुमचं, तर कर्जाची कागदपत्रं सोबत जोडा.

एक दिलासा आहे. बँकेनं घराची पूर्ण किंमत न धरता कर्जाएवढाच, ९ लाखांचाच विमा काढला असला, तरी या पॉलिसीत 'विमा कमी होता म्हणून दावाही त्या प्रमाणात कमी' ही कात्री लागत नाही. जुन्या अग्नीविम्यात ती लागायची आणि लोकांना दावा मंजूर झाल्यावर कळायची.

कागद सापडलाच नाही तर? तर या गारपिटीचे पैसे विसरा आणि पुढच्या गारपिटीसाठी स्वतः विमा घ्या. समजा घर ९०० चौरस फूट, नव्यानं बांधायला फुटाला १,६०० धरा, १४ लाख ४० हजार होतात. जागेची किंमत धरायची नाही, कर्जाचा आकडाही नाही. एवढ्याला वर्षाचा हप्ता हजार रुपयांच्या आसपास. तुम्ही भरताय ६० हजार, आणि घर उघडं.

सरकारी मदतीचंही ऐकून घ्या, कारण ५० हजारांवर तुम्ही सोनं सोडवायचा बेत बांधलाय. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्रानं ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत १ लाख २० हजार मिळतात, पण ते घर पूर्ण पडलं किंवा राहण्यालायक उरलं नाही तर. अंशतः पडझड, म्हणजे किमान १५ टक्के, झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. कोठ्याला ३,०००. बेरीज साडेनऊ हजार. राज्य सरकारनं वेगळा निर्णय काढला तर जास्त येतील, नाहीतर ताडपत्री आणि तिच्या मजुरीपुरते. गावात पारावर ५० हजार कोण म्हणालं ते माहीत नाही, पण त्यानं स्वतःच्या सोन्यावर काही काढलेलं नसेल. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीनं हाहाकार केला, तेव्हाही पारावर असेच आकडे फिरत होते. माझ्या मामांनी त्या आकड्यावर बैलजोडी ठरवली होती. बैल आले नाहीत, विसार गेला.

आता ६० हजारांच्या पॉलिसीकडं वळतो. तुम्ही तिच्याबद्दल काहीच विचारलं नाही, पण तुमच्या घराला गारांपेक्षा मोठं भोक तिनं पाडलंय.

तुमचा वर्षाचा पगार ३ लाख १२ हजार. कर्जाचा हप्ता ९६ हजार, पॉलिसी ६० हजार. निम्मा पगार या दोन ठिकाणी जातो. बदल्यात कव्हर किती? ६ लाख. कर्ज बाकी किती? पाच वर्षं हप्ते भरूनही सुमारे ८ लाख, कारण पहिल्या वर्षांत व्याजच जातं. म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर वहिनींना मिळणाऱ्या पैशातून घराचं कर्जही फिटणार नाही. दोन मुलं, आबा आणि वर २ लाखांची बाकी. वर्षाला ६० हजार भरून ही अवस्था.

१४ लाखांचा हिशोब करू. असल्या पॉलिसीसोबत परताव्याचा एक तक्ता येतो, त्यात दोन रकाने असतात: ४ टक्के आणि ८ टक्के. साहेबांनी पेनानं लिहिलेला आकडा ८ टक्क्यांच्या रकान्यातला असणार. ४ टक्क्यांचा रकाना त्यांनी तुम्हाला दाखवला नसेल. समजा खरंच १४ लाख मिळाले, तर १५ वर्षांत परतावा सव्वापाच टक्के. हेच ६० हजार दरवर्षी पोस्टात पीपीएफमध्ये टाकले असते तर ७.१ टक्क्यांनी सव्वासोळा लाख. आणि प्रत्यक्षात मिळेल ते दोन रकान्यांच्या मधलं काहीतरी, समजा साडेअकरा लाख. तो परतावा ३ टक्के. बचत खात्यापेक्षा किंचित बरा.

मग लगेच मोडायची का? इथं थोडं थांबा. पाच वर्षांत भरलेले ३ लाख आज मोडले तर हमीचे निम्मे, दीड लाख, आणि जमलेल्या बोनसचं थोडंफार. दीड लाखाची खोट तुम्ही खाऊन चुकलात. ती मोडली तरी आहे आणि चालू ठेवली तरी आहे. फक्त पुढच्या दहा वर्षांकडं पाहिलं, तर साडेअकरा लाख धरूनसुद्धा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे पगार ६० हजार असणाऱ्या माणसानं हेच पत्र लिहिलं असतं, तर मी म्हटलं असतं, शिव्या देत भरा. तुमचा पगार २६ आहे. तुम्हाला ही झेपत नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

म्हणून तिसरा मार्ग. हप्ता थांबवा आणि पॉलिसी पेडअप करा. पंधरापैकी पाच हप्ते भरलेत, तर ६ लाखांचे २ लाख उरतात, त्यात आजवरचा बोनस, हे २०३६ ला मिळेल. पुढं एक रुपया भरायचा नाही. मोडायची असेल तर नंतरही मोडता येते. कंपनीकडून आज मोडली तर किती आणि पेडअप केली तर किती, हे दोन आकडे लेखी मागवा. बँकेकडून नको, कंपनीकडून.

पण त्याआधी, आणि हा क्रम चुकवू नका, शुद्ध मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या. ज्यात शेवटी काही परत मिळत नाही तोच. 'प्रीमियम परत' असं काही दाखवायला लागले तर फोन ठेवा. ८ लाख कर्ज आणि घरखर्चाची पंधरा वर्षं धरली तर ५० लाख हवेत, साठीपर्यंत. या वयाला वर्षाचा हप्ता साधारण १२ ते १५ हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवनविम्यावर जीएसटी नाही, तेवढं बरं झालं. फॉर्ममध्ये तंबाखूचा प्रश्न असतो. आपल्याकडं खर्रा कोणी तंबाखूत धरत नाही. विमा कंपनी धरते. खात असाल तर 'हो' लिहा, हप्ता दीडपट होईल, होऊ द्या. 'नाही' लिहून स्वस्तात घेतलेला विमा पहिल्या तीन वर्षांत दावा आला की तपासला जातो, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसाल, वहिनी असतील.

नवीन पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावू नका. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर ३० दिवसांची जादा मुदत असते, म्हणजे मेअखेरपर्यंत वेळ आहे. प्रस्ताव या आठवड्यात द्या. पॉलिसी आली की सहावा हप्ता भरायचा नाही. ६० हजार तुम्ही बाजूला ठेवले असतीलच. पत्रे ४०, टाकी ७, कोठा १५: बासष्ट. तुमचं छत त्या हप्त्यात होतंय, भाऊ. सोन्याला हात न लावता, कोणाच्या दाव्याची वाट न पाहता. दावा आलाच तर तो बँकेत वेगळा ठेवा. घरात पाच माणसं आणि आकस्मिक खर्चाला एक रुपया बाजूला नाही, हे तुम्ही लिहिलं नाही, पण आकड्यांतून दिसतंय.

छत आता सिमेंटच्या पत्र्यांचं करू नका. रंगीत स्टीलचे पत्रे थोडे महाग पडतात, गारेनं त्यांना खड्डे पडतात पण फुटत नाहीत. खड्डे पडले आणि गळत नसेल तर विमा कंपनी बदलून देताना कुरकुर करते, तेवढं लक्षात असू द्या. आत पाणी नाही आलं की तूर आणि टीव्ही वाचतात, खरं नुकसान तिथंच होतं. नवीन पत्रे टाकायच्या आधी सर्वेयर येऊन गेला तर उत्तम. नाही आला तर कंपनीला ईमेलवर कळवा, फोटो काढा, मिस्त्रीची सही असलेली बिलं ठेवा आणि काम सुरू करा. आणखी नुकसान होऊ न देणं ही विमेदाराची जबाबदारीच असते, त्यावरून दावा अडत नाही.

साहेबांची तक्रार करायची का? करा. आधी विमा कंपनीकडं लेखी. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडं, तिथं फी नाही आणि वकील लागत नाही. नियामकाचा १५५२५५ हा क्रमांकही आहे. पाच वर्षांनी ३ लाख परत मिळतील अशी आशा मात्र धरू नका. खाली सही तुमची आहे. घराच्या दाव्यात कंपनीनं टोलवाटोलवी केली तर याच लोकपालाकडं जाता येतं, आणि तिथं तुमची बाजू कितीतरी भक्कम असेल.

राहिले तुमचे दोन प्रश्न. सोनेतारण बँकेत ९ ते १० टक्क्यांच्या घरात, पतसंस्थेत १२ च्या पुढं, म्हणजे स्वस्त बँक. पण काढू नका. ४ लाखांवर महिन्याला ३ हजार नुसतं व्याज. कर्ज ८, पॉलिसी ५, व्याज ३, असे १६ गेले की पाच माणसांना १० हजार उरतात, आणि सोनं जागच्या जागी. स्लॅब ना पावसाआधी, ना या दिवाळीनंतर. मागच्या खोल्यांच्या भिंती पत्र्याच्या हिशोबानं चार इंची उचलल्या असतील तर त्या स्लॅबचं वजन पेलणार नाहीत. मिस्त्रीचे ६ लाख त्या भिंती पाडून की तशाच ठेवून, ते त्याला विचारा, आणि मग एकदा दारव्ह्यातल्या एखाद्या इंजिनिअरला घर दाखवा. पासबुकाच्या त्या पानाचा फोटो मला पाठवा.